राजकारणातली शिवी: स्टेजवर, सभागृहात आणि मोबाईलवर तिचं नेमकं काय होतं

कोल्हापुरात निवडणूक कुठलीही असू दे, महापालिकेची, विधानसभेची, गोकुळ दूध संघाची नाहीतर एखाद्या कारखान्याची, प्रचार तापला की भाषा पण तापते. स्टेजवरून कुणीतरी विरोधकाला काहीतरी सणसणीत बोलतो, खालून शिट्ट्या पडतात, आणि रात्री जेवणं उरकायच्या आत ती क्लिप शिवाजी पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला असते. मग दुसऱ्या दिवशी ठरलेली दोन वाक्यं ऐकायला मिळतात. एक गट म्हणतो राजकारणाची पातळी घसरली, दुसरा म्हणतो आमची भाषाच रांगडी हाय, त्यात काय एवढं. मला ही दोन्ही वाक्यं अपुरी वाटतात, कारण दोन्हीत एक प्रश्न विचारलाच जात नाही, की ती शिवी नेमकी कुणाला लागली. ज्याच्यावर राग होता त्याला, का ज्याचा काही संबंधच नाही अशा कुणाला. हा प्रश्न धरून बघितलं की कायदा काय म्हणतो, सभागृहात काय होतं, शिवी दिल्यावर टाळ्या का पडतात, हे सगळं सोपं होत जातं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी आपल्या भाषेचं बघू. कोल्हापुरी बोलणं रांगडं आहे हे खरंच आहे आणि त्याचा मला अभिमान पण आहे. तालमीच्या कट्ट्यावर, शाहू स्टेडियमवर मॅच बघताना, मिरजकर तिकटीला चहा पिताना मित्र मित्राला जे बोलतो ते लिहून काढलं तर बाहेरच्या माणसाला वाटेल आता मारामारी होणार. होत नाही, कारण दोघं बरोबरीचे असतात. एकानं घातली की दुसरा परत घालतो, कुणाच्या हातात माईक नसतो, कुणाच्या मागं पोलीस बंदोबस्त नसतो, आणि कुणी मनावर घेतलं तर तिथल्या तिथं "सॉरी भावा" म्हणून मिटतं. सभेत हे सगळं उलटं असतं. बोलणारा एक, ऐकणारे हजारो, ज्याच्याबद्दल बोलतोय तो तिथं हजर नाही, आणि पुढं बसलेला कार्यकर्ता ते वाक्य हुकूम समजून घरी जातो. त्यामुळं कट्ट्यावरची मोकळीक स्टेजवर चालते असं म्हणणं मला पटत नाही.

आणि रांगडं बोलायला शिवी लागते असं पण नाही. 2019 च्या लोकसभेला "आमचं ठरलंय" या दोन शब्दांनी अख्खा जिल्हा हलवला होता, 2023 मध्ये राजाराम कारखान्याच्या निवडणुकीत "कंडका पाडायचा" (म्हणजे एकदाचा निकाल लावायचा) घरोघरी झालं. (कारखान्यात तेव्हा सत्ता महाडिक गटानंच राखली, कंडका काही पडला नाही, पण घोषणा अजून लोकांच्या तोंडात आहे.) नोव्हेंबर 2024 मध्ये कोल्हापूर उत्तरमधून काँग्रेसच्या उमेदवार मधुरिमाराजे यांनी अर्ज माघारीच्या शेवटच्या दिवशी उमेदवारी मागं घेतली, तेव्हा त्यांच्याच पक्षाचे नेते सतेज पाटील कॅमेऱ्यांसमोरच भडकले, दम नव्हता तर उभं राहायचं नव्हतं, असं तोंडावर बोलले. आवाज चढलेला, राग खराखुरा, शब्द बोचरे. पण राग निर्णयावर होता आणि शब्द पण निर्णयावरच पडले. कुणाच्या आईवर, जातीवर, शरीरावर गेले नाहीत. तो प्रसंग आवडला नाही असं म्हणणारे भरपूर आहेत, त्यांच्याशी वाद नाही, पण जहाल बोलणं आणि गलिच्छ बोलणं यात फरक काय हे दाखवायला इतकं जवळचं उदाहरण मिळणार नाही.

आता याच्या उलटी बाजू. त्याच महिन्यात, त्याच निवडणुकीत, खासदार धनंजय महाडिक फुलेवाडीच्या सभेत लाडकी बहीण योजनेचे पैसे घेऊन काँग्रेसच्या सभेला जाणाऱ्या बायकांबद्दल बोलले, त्यांचे फोटो काढा, आपण त्यांची व्यवस्था करू अशा अर्थाचं. त्यात एक पण शिवी नव्हती. तरी निवडणूक यंत्रणेची नोटीस आली, गुन्हा नोंद झाला, आणि त्यांना माफी मागावी लागली. मग बघा, सप्टेंबर 2025 मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात जतमध्ये भाजपचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी राष्ट्रवादीच्या (शरद पवार गट) जयंत पाटलांच्या जन्माबद्दल, म्हणजे वडिलांबद्दल शंका घेणारं विधान केलं. नाव वडिलांचं घेतलं, पण ते वाक्य गेलं कुणावर, तर त्यांच्या आईवर, जिचा त्या राजकारणाशी काडीचा संबंध नाही. मुख्यमंत्री फडणवीस यांना सुद्धा ते विधान योग्य नाही असं जाहीर म्हणावं लागलं. म्हणजे कुठला शब्द वापरला याची यादी करत बसलो तर खरी इजा हातातून निसटते. धमकी सभ्य भाषेत देता येते, आणि एखाद्याची आई न उच्चारता काढता येते.

मग नेते असं बोलतातच का? नुसतं "संस्कार नाहीत" म्हणून सोडून देणं सोपं आहे, पण शिवीमागं मेंदूचं आणि गर्दीचं, दोन्हीचं गणित असतं.

मेंदूचं आधी. आपण रोज जे विचार करून बोलतो ते बहुतेकांच्या बाबतीत मेंदूच्या डाव्या बाजूच्या भाषेच्या केंद्रांतून येतं. अर्धांगाचा झटका येऊन ती बाजू निकामी झाली की माणसाला साधं "पाणी दे" म्हणता येत नाही, पण अशा काही पेशंटच्या तोंडून शिवी मात्र स्पष्ट बाहेर पडते, डॉक्टरांनी हे फार पूर्वीपासून नोंदवलंय. कारण शिवीची नाळ भावना आणि सवयीच्या खोलवरच्या यंत्रणेशी जास्त जोडलेली असते. 2009 मध्ये इंग्लंडच्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला, लोकांना बर्फासारख्या थंड पाण्यात हात घालून ठेवायला सांगितलं, एकदा शिवी घोकत आणि एकदा साधा शब्द घोकत. शिवी देताना लोकांनी हात जास्त वेळ पाण्यात ठेवला. म्हणजे शिवीनं वेदना सोसायची ताकद थोडी वाढते, अंगठा ठेचल्यावर आपल्या तोंडून जे निघतं त्याला कारण आहे. त्यांनीच 2011 मध्ये पुढची पायरी केली आणि त्यात दिसलं की जे लोक रोजच्या बोलण्यात सारख्या शिव्या देतात त्यांना हा फायदा कमी मिळतो. हे मला राजकारणाला थेट लागू वाटतं. पहिल्यांदा शिवी दिली की बातमी होते, दहाव्यांदा कुणी वळून बघत नाही, मग अकराव्यांदा आधीपेक्षा खालची द्यावी लागते. प्रत्येक निवडणुकीत भाषा मागच्यापेक्षा खाली गेल्यासारखी वाटते त्यातलं एक कारण हेच असावं असं माझं मत आहे.

गर्दीचं गणित वेगळं. इटलीत निकोलेटा कवात्झा आणि मार्घेरिटा ग्विडेट्टी या दोन संशोधकांनी 2014 मध्ये एक अभ्यास छापला, त्यात लोकांना एका काल्पनिक उमेदवाराचं लिखाण वाचायला दिलं, काहींना असभ्य शब्द घातलेलं आणि काहींना साफ केलेलं. असभ्य शब्द वापरणारा उमेदवार लोकांना जास्त अनौपचारिक वाटला आणि एकूण त्याच्याबद्दल मत पण बरं झालं, विशेषतः उमेदवार पुरुष असेल तर. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर "हा आपल्यातला गडी आहे" असं वाटतं. यातली "पुरुष असेल तर" ही जी अट आहे ती लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

म्हणून नेता शिवी देतो तेव्हा प्रत्येक वेळी तो तोल गेलेला असतोच असं नाही. आपण साहेबासारखे नाही, आपण पोटात एक ओठात एक ठेवत नाही, हे दाखवायचा तो सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. रस्ता का झाला नाही याचं उत्तर द्यायला फाईल वाचावी लागते, शिवीला काही वाचावं लागत नाही. आणि दुसऱ्या दिवशी सगळी चर्चा शिवीवर होते, रस्त्यावर होत नाही. हे फक्त आपल्याकडंच होतं असंही नाही. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी सप्टेंबर 2016 मध्ये पत्रकारांसमोर ओबामांचा उल्लेख आईवरून केला, ओबामांनी ठरलेली भेट रद्द केली, दुतेर्तेंना नंतर खेद व्यक्त करावा लागला, पण मायदेशात त्यांची "रोखठोक" ही प्रतिमा काही पडली नाही.

किंमत मोजावी लागल्याची उदाहरणं पण आहेत. एप्रिल 2013 मध्ये, भर दुष्काळात, अजित पवारांनी इंदापूर तालुक्यात धरणातल्या पाण्यावरून टिंगल करणारं जे वाक्य काढलं ते महाराष्ट्र अजून विसरलेला नाही, त्यांनी माफी मागितली आणि कराडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभर आत्मक्लेश केला. मे 2017 मध्ये रावसाहेब दानवे भाजपचे प्रदेशाध्यक्ष असताना तुरीच्या प्रश्नावर शेतकऱ्यांना "साले" म्हणाले आणि राज्यभर निदर्शनं झाली. "साले" हा तसा रोजच्या बोलण्यातला शब्द, आपल्याकडं सकाळपासून संध्याकाळपर्यंत शंभरदा कानावर येतो. मग एवढा राग का आला? कारण तो वरून खाली पडला होता. सत्तेतला माणूस, पोट भरलेला, आणि समोर तूर घेऊन बाजार समितीत रांगेत उभा असलेला शेतकरी. धरणाच्या वाक्याचं पण तसंच, पाणी मागणारा खाली आणि बोलणारा वर.

आता नियमांकडं येऊ. इथं लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण जागा बदलली की नियम बदलतो.

पहिली जागा विधानसभा, विधान परिषद, संसद. तिथं आमदार-खासदारांना संविधानानं मोठं संरक्षण दिलंय, संसदेसाठी कलम 105 आणि राज्यांसाठी कलम 194. सभागृहात बोललेल्या शब्दासाठी कोर्टात खटला चालत नाही. हे संरक्षण मुद्दाम दिलेलं आहे आणि ते असलंच पाहिजे, नाहीतर मंत्र्याच्या भ्रष्टाचारावर बोलणाऱ्या प्रत्येक आमदारावर बदनामीचा दावा पडला असता. पण त्याच दारातून शिवी पण आत येते. तिला रोखायचं काम अध्यक्षांचं, परिषदेत असेल तर सभापतींचं. "तपासून काढून टाकू" हे वाक्य तुम्ही अधिवेशनात ऐकलं असेल, त्याचा अर्थ ते शब्द कामकाजाच्या अधिकृत नोंदीतून वगळायचे. लोकसभेत हे नियम 380 नं होतं, आणि छापील नोंदीत त्या जागी चांदण्या आणि खाली अध्यक्षांच्या आदेशानं वगळलं अशी टीप येते. कुठले शब्द आधी वगळले गेले त्याचं संकलन लोकसभा सचिवालय करतं. जुलै 2022 मध्ये असं संकलन बाहेर आलं आणि त्यात "जुमलाजीवी", "तानाशाह", "शकुनी" असे शब्द दिसल्यावर देशभर ओरड झाली की विरोधकांची तोंडं बांधली. अध्यक्ष ओम बिर्ला यांनी तेव्हा खुलासा केला की कुठल्याच शब्दावर बंदी नाही, कुठल्या संदर्भात वापरला ते बघून ठरवतात. पण बघा ना, इथं पण शब्दांच्या यादीनं घोळच झाला, जुमलाजीवी ही टीका आहे, ती सरकारला लागते, तिला आईबहिणीच्या शिवीच्या रांगेत उभं करणं चूकच.

शिवाय वगळून आता उपयोग किती होतो? 21 सप्टेंबर 2023 ला, नव्या संसद भवनात, चांद्रयान-3 च्या चर्चेत भाजपचे खासदार रमेश बिधुरी यांनी बसपाचे दानिश अली यांना धर्मावरून ज्या शिव्या दिल्या त्या नोंदीतून काढल्या गेल्या. पण कामकाज लाईव्ह दाखवतात, क्लिप तासाभरात देशभर गेली होती. कागदावर चांदण्या आहेत आणि मोबाईलवर शब्द जसेच्या तसे. नंतर बिधुरींनी खेद व्यक्त केला, 2024 च्या लोकसभेला त्यांचं तिकीट कापलं गेलं, आणि 2025 च्या दिल्ली विधानसभेला कालकाजीतून त्याच पक्षानं परत तिकीट दिलं. तिथं ते हरले. अमेरिकेत 1974 मध्ये याच्या उलटं झालं होतं. निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणातल्या संभाषणांचा छापील उतारा जाहीर केला, शिव्यांच्या जागी "शिवी वगळली" अशा अर्थाची नोंद टाकून. ती नोंद इतक्या वेळा आली होती की लोकांनी मनातल्या मनात मूळ शब्दापेक्षा वाईट काहीतरी भरून घेतलं आणि त्यांची प्रतिमा आणखी घसरली.

शब्द काढण्याच्या पलीकडची शिक्षा म्हणजे निलंबन. जुलै 2024 मध्ये विधान परिषदेत विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांनी प्रसाद लाड यांना भर सभागृहात शिवी दिली, पाच दिवसांचं निलंबन झालं, दानवेंनी खेद व्यक्त केल्यावर ते तीन दिवसांवर आणलं. त्याआधी जुलै 2021 मध्ये तालिका अध्यक्ष (अध्यक्षांच्या जागी बसून कामकाज चालवणारे) भास्कर जाधव यांना दालनात शिवीगाळ केल्याच्या आरोपावरून भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले होते, पण जानेवारी 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं, म्हणाले की त्या अधिवेशनापुरतं निलंबन ठीक, वर्षभर एखाद्या मतदारसंघाला आमदाराशिवाय ठेवता येणार नाही. मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो. आमदार शिवी देतो म्हणून मतदारांचा आवाज बंद करायचा नाही, हे कोर्टानं बरोबर ओळखलं.

दुसरी जागा प्रचारसभा. इथं कलम 194 चं कवच नाही. आदर्श आचारसंहिता सांगते की टीका पक्षाच्या धोरणावर, कामावर, मागच्या कारभारावर करा, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर नको. आचारसंहिता हा कायदा नाही, पण आयोग नोटीस देतो, समज देतो, प्रचारबंदी घालतो. एप्रिल 2019 मध्ये योगी आदित्यनाथ आणि आझम खान यांना 72 तास, मायावती आणि मनेका गांधी यांना 48 तास प्रचार करता आला नव्हता. आणि लोकप्रतिनिधित्व कायदा 1951 च्या कलम 123 (4) मध्ये आणखी कडक तरतूद आहे, उमेदवाराच्या व्यक्तिगत चारित्र्याबद्दल माहीत असून खोटं विधान पसरवणं हा भ्रष्ट मार्ग धरला जातो आणि सिद्ध झालं तर निवडणूक रद्द होऊ शकते. कोल्हापूरकरांनी एक गोष्ट इथं समजून घ्यायला हवी, महापालिका, जिल्हा परिषद राज्य निवडणूक आयोगाकडं, आणि गोकुळ, कारखाने, बँका सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडं. विधानसभेला चालणारी तक्रारीची वाट तिथं तशीच चालेल असं धरू नका. आपल्या जिल्ह्यात सगळ्यात कडवट लढाया याच निवडणुकांत होतात.

तिसरी जागा रस्ता, आणि पोलीस ठाणं. शिवी दिली म्हणून लगेच अटक असं काही नसतं. जुन्या लोकांना "तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा" पाठ असतं, मारहाण, अपमान, धमकी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली आणि ते आकडे 115 (2), 352 आणि 351 झाले. 352 म्हणजे समोरचा भडकून शांतता भंग करेल अशा हेतूनं केलेला अपमान, शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण गुन्हा अदखलपात्र, म्हणून ठाण्यात एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेतात आणि विषय तिथंच थांबतो. बदनामी कलम 356 मध्ये येते, तिथं नुसती शिवी सहसा पुरत नाही, काहीतरी आरोप लागतो, आणि दावा तुम्हाला कोर्टात जाऊन करावा लागतो. याच जुन्या बदनामीच्या कलमात राहुल गांधींना मार्च 2023 मध्ये सुरतच्या कोर्टानं दोन वर्षांची शिक्षा दिली आणि खासदारकी गेली, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं दोषी ठरवण्याच्या निकालाला स्थगिती दिल्यावर खासदारकी परत आली. अश्लील शब्दांचं कलम आहे 296, पण मार्च 2024 मध्ये एका वेब सिरीजच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की शिवराळ भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता होत नाही. एकूण कोर्ट शब्द किती घाण आहे हे फार मोजत नाही.

मग कायदा कडक कुठं होतो? बाईच्या विनयाचा अपमान करणारे शब्द, कलम 79, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला दुसऱ्या समाजातल्या माणसानं लोकांसमक्ष जातीवरून शिवी देणं, अॅट्रॉसिटी कायदा 1989, सहा महिने ते पाच वर्षं. चार भिंतींच्या आत बाहेरचं कुणी नसेल तर लोकांसमक्ष धरत नाहीत, पण माईकवरून बोललेलं नक्कीच धरतात. म्हणजे कायद्यानं सुद्धा शेवटी शिवी कुणावर पडते हेच बघितलंय, ज्याच्यावर आधीच समाजाचं ओझं आहे त्याच्यावर पडली की गुन्हा मोठा.

मला जे सगळ्यात मनापासून सांगायचंय ते इथंच आहे. राजकारणातल्या शिव्या ऐकून बघा, दोन पुरुष भांडतात आणि शिवी जाते आईला, बहिणीला, बायकोला. त्या दोघांचं नंतर मिटतं, एका गाडीतून फिरतात, युती करतात. ती बाई कुठंच नव्हती तरी तिचं नाव चिखलात. आणि बाई स्वतः राजकारणात असली तर शिवीतून सुटका नाहीच, नोव्हेंबर 2022 मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री अब्दुल सत्तार यांनी सुप्रिया सुळेंबद्दल वापरलेला शब्द मी इथं लिहिणार नाही. तिनं उलट तसंच उत्तर दिलं तर? इटलीच्या अभ्यासातली अट आठवा. पुरुषाला "रोखठोक" मिळतं, बाईला "वळण नाही" मिळतं. म्हणजे हे हत्यार असं आहे की ते एकाच बाजूला चालतं. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना 50 टक्के आरक्षण आहे, करवीर, कागल, पन्हाळा, कुठल्याही तालुक्यात जा, निम्म्या जागांवर बायका निवडून येतात. पण ग्रामसभेत आवाज चढला, एकमेकांच्या आया-बहिणी निघायला लागल्या की त्याच सदस्या हळूच उठून जातात आणि मग त्यांच्या जागी नवरा नाहीतर दीर बोलतो. आरक्षणानं खुर्ची दिली आणि भाषेनं ती काढून घेतली, हे मला फार अन्यायाचं वाटतं, आणि "रांगडी भाषा" म्हणून त्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा त्या ग्रामसभेत मागच्या रांगेत बसून बघावं.

भाषा बदलत नाही असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गावं सांगतो. अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावानं नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, आईबहिणीवरून शिवी दिली की 500 रुपये दंड. आणि आपल्याच जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं हेरवाड, मे 2022 मध्ये विधवांच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायच्या प्रथेविरुद्ध ठराव करणारं. हेरवाडचा विषय शिवीचा नव्हता, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट ग्रामसभेत हात वर करून थांबवायला सुरुवात करता येते हे त्यांनी करून दाखवलं. दंडाची पावती किती फाडली जाते यापेक्षा ठराव झाला की पुढच्या वेळी ती सदस्या उठून जायच्या ऐवजी ठरावाकडं बोट दाखवू शकते, हे मला मोठं वाटतं.

आणि कडक बोलायची आपली परंपरा त्यानं मरत नाही. कोल्हापूरचं टोलविरोधी आंदोलन आठवा, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे उतारवयात रस्त्यावर उतरले, सरकारला आणि टोलच्या कंपनीला धारेवर धरलं, एन. डीं.चं भाषण ऐकलेल्या माणसाला त्यांची धार सांगायला नको. शहराचा टोल शेवटी गेला. त्या धारेत कुणाची आई नव्हती, हिशेब होता, कराराची कलमं होती.

आता तुमच्या मोबाईलवर क्लिप आली तर काय करायचं ते सांगून थांबतो. नुसतं पुढं ढकललं तरी जबाबदारी येते, तामिळनाडूतले अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी महिला पत्रकारांबद्दलची एक घाण पोस्ट शेअर केली होती, ती मी लिहिली नव्हती असं सांगून पण ऑगस्ट 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना दिलासा दिला नाही. त्यामुळं हसू आलं तरी फॉरवर्ड नको. तक्रार करायची असेल तर कापलेली क्लिप घेऊन जाऊ नका, पूर्ण भाषणाचा व्हिडिओ मिळवा, तारीख, जागा, वेळ लिहून ठेवा, मूळ फाईल ज्या फोनवर आहे ती डिलीट करू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. विधानसभा-लोकसभेची आचारसंहिता चालू असेल तर निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल अॅप आहे, त्यावर तिथंच फोटो-व्हिडिओ काढून टाकता येतो. आणि शिवी जातीवरून किंवा बाईवरून असेल तर ठाण्यात नुसत्या एनसीवर समाधान मानू नका, कलम 79 नाहीतर अॅट्रॉसिटीत बसतंय का ते विचारा, एफआयआर लिहून घ्यायला सांगा आणि तिची प्रत मोफत मिळते ती मागून घ्या.